दहाव्याचा वस्तरा

२ जानेवारी १९९४, गंगाखेड

सामान लागलं एकदाचं! खोल्या दोनच, पण मागच्या दारातून गोदावरी दिसते. हेमा खूश, आमचं अकरा महिन्यांचं बाळ खूश, मग मी कशाला तोंड पाडू? शाळेत विज्ञान माझ्याकडंच दिलंय.

सकाळी घाटावर दाढी करून आलो. आश्रुबा म्हणून म्हातारे बसतात तिथं. त्यांच्या धोकटीत दोन वस्तरे. एक सरळ, रोजचा. दुसरा लाल फडक्यात गुंडाळलेला, इथल्याच लोहारानं लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेला. हातोडीचे ठोके अजून दिसतात, आणि धार चंद्रकोरीसारखी बाहेर वळलेली. मी तोच मागितला. आश्रुबा म्हणाले, तो दहाव्याचा हाय गुरुजी, आईबापामागं क्षौर करणाऱ्या लेकाचा. ज्याचे आईबाप जिते, त्याला लावत न्हाईत. मी म्हणालो, माझे दोघंही कधीच गेले, लावा बिनघोर! लय आढेवेढे घेऊन लावला.

काय वस्तरा हो! गालाच्या खळग्यात, हनुवटीखाली, गोल धार आपोआप बसते. टोक टोचत नाही, केस ओढत नाही, नुसती खसखस. तुरटीसुद्धा झोंबली नाही.

६ जानेवारी

पौष लागायच्या आत बाळाचं जावळ उरकलं. पूर्णेहून हेमाचे भाऊ माधवराव आले, भाच्याला मांडीवर घेऊन बसले. आश्रुबांनी सरळ वस्तरा काढला. पहिल्याच हाताला टाळूजवळ ओरखडा, रक्ताचा थेंब, आणि बाळानं टाहो फोडला. माझं डोकंच फिरलं. धोकटीतलं लाल फडकं सोडलं आणि गोल वस्तरा मीच हातात घेतला. आश्रुबांनी मनगट धरलं. आवो गुरुजी, लेकराचे आईबाप बसलेत की समोर, म्हणाले. विज्ञान शिकवणाऱ्याला हे सांगायचं! हात झटकला आणि सबंध डोकं मीच केलं. दुसरा ओरखडा नाही, बाळ तर मामाच्या मांडीवर झोपून गेलं.

आश्रुबा न जेवता गेले. राहिले उपाशी तर राहू देत.

९ जानेवारी

माझी दाढी रोज वाढते. बाळाच्या डोक्यावर मात्र एक खुंट नाही, घासलेल्या तांब्यासारखं गुळगुळीत. हेमाला त्याचं कौतुक. मला आपलं उगीच वाटलं, आश्रुबांना विचारून यावं.

विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आश्रुबांचा चुलतभाऊ भुजंग, त्यानं तरुणपणी पैजेवर या वस्तऱ्यानं गोटा केला. आई पंचफुला जिती असताना. केस उगवेचनात. नवव्या दिवशी पंचफुला विहिरीवर पाणी शेंदता शेंदता खाली बसली ती गेलीच. धडधाकट बाई. त्याच घटकेला इकडं भुजंगच्या डोक्याला खुंट फुटले. वस्तरा आधी फिरला की दहा दिवसांच्या आत आई न्हाईतर बाप जातोच, म्हणाले, आन् मगच केस येतात. मी हसलो. घरी येईपर्यंत ते हसू पुरलं नाही.

१२ जानेवारी

शाळेतलं भिंग आणून पाहिलं. एकही केस नाही.

हेमाला सकाळपासून कणकण आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. परभणीला डॉक्टरकडं न्यावं, तर विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय होणार म्हणून गावभर बंदोबस्त, एसटी बंद. आश्रुबांना उपाय विचारला. असता तर पंचफुलाकाकू जिती असती, म्हणाले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही त्यांनी.

१३ जानेवारी

ताप चढतोय. हेमा बरळतेय. मी पिसाटल्यासारखा घर ते घाट, घाट ते घर —

देव मानत नाही मी. तरी आज नदीकडं तोंड करून हात जोडले. हिला नको. बाळ अजून अंगावर पितं. वस्तरा मी फिरवला, माझ्या हातानं. न्यायचंच असेल तर —

१४ जानेवारी, सकाळ

ताप उतरला! एकाएकी! संक्रांत म्हणून उठून तीळ भाजायला बसली माझी बायको. मी ढसाढसा रडलो, ती हसली मला.

बाळाचं डोकं अजून तसंच.

दुपार

छातीत कळ आली होती. जरा पडलो. आता काही दुखत नाही. लय हलकं वाटतंय.

हेमा चुलीपाशी गुणगुणतेय. पाणी मागितलं. ओ नाही. पुन्हा हाक मारली, मोठ्यानं — गुणगुणतेच आहे.

बाळ रांगत आलं. डोक्यावर हात ठेवला.

खुंट लागतायत. बारीक, टोचणारे. आत्ता, आत्ताच फुटलेले —

हेमा तर गातेय. हेमा धडधाकट आहे.

मग म्हणजे मी