तान्ह्या पोळ्याचा बोजारा

दिपाली,

तू गार्गीच्या बैलासाठी झूल आणाले बाजारात गेली, म्हणून लिहून ठेवतो. मी लॅबमध्ये चाललो. आज सुट्टी हाय, तिथं काहीच काम नाई, हे तुले माहीत हाय. म्हणून बहाणा करत नाई.

मांगच्या वर्षी प्रोजेक्ट मंजूर झाल्याची ऑर्डर आली अन् मी मोठेपणा केला. लाकडी बैल घेऊन आलेल्या एकेका लेकराले बोजारा म्हणून पन्नासची कोरी नोट देली. आता पूरी गल्ली पहिले आपल्याच दारात येईन. शास्त्रज्ञ म्हणजे कलेक्टरसारखा पगार, असंच वाटते सिंदीतल्या लोकायले. घरभाडं, गार्गीची फी अन् नागपूरले जायचं पेट्रोल गेलं का काय उरते, थे तुलेच माहीत. त्यात फेलोशिप जूनपासून आली नाई.

फ्रिजवरच्या डब्यात चॉकलेटं हाय, थेच लेकरायच्या हातावर ठेवजो. माह्याच्यानं त्यायच्या तोंडाकडे पाहणं होणार नाई. दिवे लागले का येतो.

गार्गीच्या बैलाचं हललेलं चाक पक्कं करून ठेवलं. तिले सगळ्यायच्या घरी जाऊ देजो, गल्लीच्या तोंडावरच्या हिरालालभाऊच्या दुकानातही. फक्त मांगच्या वर्षीसारखं दारोदारी "माह्ये बाबा शास्त्रज्ञ हाय, आमच्या घरी पहिले या" म्हणू नको, एवढं तिले सांग.

काऊन, म्हणून गार्गी विचारेनच. मले सांगता येत नाई. तूच सांगजो.

योगेंद्र