थंड पाण्याचं गाऱ्हाणं

महबूला, कुवेत
८ जुलै २००४

ती. बाबांना सुयोगचा नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

साइटवर प्यायला गरम पाणी मिळायचं, म्हणून परवा सकाळी आम्ही कोणीच कंपनीच्या बसमध्ये चढलो नाही. मॅनेजर आला आणि म्हणाला, "कोणीतरी एकाने पुढे येऊन बोला." पुढे येणाऱ्याला घरी पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा मला तुम्ही देवळात घालता ते गाऱ्हाणं आठवलं. मग एकेकाने जागेवरूनच एकेक मागणं मोठ्याने म्हटलं आणि बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणून साथ दिली. राजापूरच्या मुबीनचा आवाज सगळ्यांत मोठा. शेवटी केरळचे सुतारही म्हणू लागले.

काल साइटवर कूलर बसला.

आज मात्र पहिलं मागणं कोणी म्हटलं, याची ऑफिसात चौकशी झाली. कोणीही तोंड उघडलं नाही. ते मीच म्हटलं होतं. एवढं आईला सांगू नका.

गणपतीआधीच मी दारात दिसलो तर घाबरू नका. तोवर देवळात माझ्या नोकरीसाठी गाऱ्हाणं घाला. तुमच्या पाठी "व्हय महाराजा" म्हणायला इथे अख्खी बस उभी आहे.

तुमचा,
सुयोग