आल्या वाटेने परत

५ जानेवारी १९९८, सोमवार. पेण.

सकाळी साडेअकराला पोचले. रामवाडीत पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली आहे: एक दार, पश्चिमेला एक खिडकी, बाहेरून जिना. खाली घरमालकीण शकूताई राहतात. त्यांनी आल्या आल्या पोह्याचे पापड भाजून दिले आणि लग्न झालं आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी एक पापड दिला. खोली स्वच्छ आहे. मला आवडली.

काम सोपं आहे. कंपनीच्या जीप आता रस्ता सोडून जाणार आहेत, खाडीच्या बांधांवरून आणि डोंगरातल्या बैलगाडीच्या वाटांवरून. त्यासाठी उपग्रहावरून जागा सांगणारा संच घ्यायचा आहे. तीन संच चाचणीला दिले आहेत. क हातात धरायचा. ख जीपच्या डॅशबोर्डवर बसवायचा, अँटेना टपावर. ग लॅपटॉपला जोडून नकाशावर पाहायचा. यांतला एक निवडून ३१ तारखेपर्यंत अहवाल द्यायचा. त्यावर माझी नोकरी पक्की व्हायची आहे, असं हर्षद सरांनी पुण्याहून निघताना सांगितलं.

तिन्ही संचांत या खोलीची जागा साठवली. नाव दिलं, घर.

८ जानेवारी, गुरुवार.

जीप दिवसभर एका जागी उभी करून नोंदी घेतल्या. अमेरिकन लष्कर उपग्रहांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळतं, त्यामुळे उभी जीपसुद्धा पडद्यावर शंभर मीटरच्या आत भटकत राहते. प्रत्येक संचाचं भटकणं वेगळं. हे अपेक्षित आहे.

ड्रायव्हर सखाभाऊ खाडीकाठच्या खारेपाटातले, चाळिशीचे. त्यांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, आमचा भावजी पण असाच, बसल्या जागी फिरतो, फक्त त्याला बाटली लागते. मी हसले नाही, पण नोंदवून ठेवते की विनोद बरा होता.

१२ जानेवारी, सोमवार.

रोह्याच्या बाजूला, वरसे गावाच्या पुढे डोंगरात. झाडीत क संचाचा संकेत चार वेळा गेला. ख टिकला. ग संचाची वायर खड्ड्यांनी दोनदा निसटली. परत येताना नागोठण्याला चहा. नऊ तास जीपमध्ये. पाठ दुखते आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार.

आज खारेपाटात. शेतांच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा मोठा बांध आहे, भरतीचं पाणी अडवणारा. त्यावरून जीप कशीबशी जाते. एका ठिकाणी बांध पूर्वी फुटला होता आणि पुन्हा बांधला आहे. अशा फुटलेल्या जागेला इथे खांड म्हणतात. तिथली माती वेगळ्या रंगाची आहे, म्हणून खूण म्हणून उत्तम. सखाभाऊंनी शंभर पावलं अलीकडे जीप थांबवली आणि पुढे नेणार नाही म्हणाले. मी स्वतः नेली. लोखंडी खुंटी ठोकली, तिन्ही संचांत जागा साठवली, नाव दिलं खांड.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी घेतली. संचात एक सोय असते: आल्या वाटेने परत. आपण ज्या वाटेने आलो तीच उलटी करून संच आपल्याला घरापर्यंत आणतो. तिन्ही संचांनी मला अचूक रामवाडीत आणलं. वाटेने अंतर ११.२० किलोमीटर.

सखाभाऊ जीपमध्ये बसले नाहीत. दुसऱ्या बांधावरून लांबच्या वाटेने चालत गावात गेले. मी कारण विचारलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार.

एक चूक सापडली आहे. खोलीत बसून तिन्ही संच तपासले. खांड ते घर, वाटेने अंतर ८.५०. शुक्रवारी ११.२० होतं.

साठवलेली जागा हलत नसते. ती नुसती आकड्यांची जोडी असते. पण आकडे बदलले आहेत. तिन्ही संचांत सारखेच, शेवटच्या अंकापर्यंत. एरवी हे तीन संच कशावरही एकमत होत नाहीत.

२० जानेवारी, मंगळवार.

जागा पुसली. बॅटऱ्या काढल्या. तासाभराने घातल्या. जागा होती. अंतर ७.६०.

हर्षद सरांना बूथवरून फोन केला. ते म्हणाले, संच खराब असेल, त्यात वेळ घालवू नकोस. मी म्हटलं, तिन्ही? ते म्हणाले, तू दमली आहेस. ते खरं आहे.

२१ जानेवारी, बुधवार.

दर अर्ध्या तासाने आकडे लिहिले आणि भरतीच्या वेळापत्रकाशी लावून पाहिले. जागा फक्त भरती चढत असताना सरकते. ओहोटी लागली की थांबते. दिवसाला साधारण नऊशे मीटर. माझ्याच वाटेवरून, प्रत्येक वळण घेत. आज ६.७०.

सखाभाऊंना कागद दाखवला. मग त्यांनी सांगितलं ते असं. पंधरा वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाने तिथे खांड पडली. ओहोटीच्या चार-पाच तासांत ती बुजवली नाही तर पुढच्या भरतीला सगळी भातशेती खारी होते, मग तीन-चार वर्षं दाणा नाही. अख्खा गाव चिखल आणि पेंढा टाकत होता. त्यांचा धाकटा भाऊ मोरू खाली उभा राहून चिखल दाबत होता, तेवढ्यात कड ढासळली. पाणी चढायला लागलं होतं. त्याला उकरायचं म्हणजे खांड मोकळी करायची.

"आमी टाकत रायलो, मॅडम," सखाभाऊ म्हणाले. "हात दिसत व्हता त्याचा. मग हात पण नाय दिसला."

तिथे खुंटी, दगड, शेंदूर काहीच ठेवायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, ही गावाची रीत. आणि खांड बांधून झाली की आल्या वाटेने परतायचं नाही. आत राहिलेल्याला वाट दाखवायची नाही.

मी खुंटी ठोकली. नाव दिलं. परतीची वाट आखून दिली, दाराशी संपणारी.

दुपारी जाऊन खुंटी उपटली. भोक कोरडं होतं, आत पेंढ्याच्या काड्या.

२२ जानेवारी, गुरुवार.

अंतर ५.८०. वाट सखाभाऊंच्या गावावरूनच जाते. म्हणजे मोरू स्वतःच्या गावावरून पुढे निघून गेला, कारण माझी वाट पुढे जाते.

आज त्याच्या आईला भेटले. धोंडुबाई, सत्तरीच्या, वेगळ्या झोपडीत एकट्या राहतात. मी काय सांगते आहे ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. सखाभाऊ नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, इतकी वर्सं तो चिखलात उभा हाय, तू मला काय भ्या दाखवतेस. मग माझा हात धरला. त्यांचा हात मिठागरात काम केलेला, खरखरीत.

"त्याला माझ्याकं धाड गो बाय. तुझं काय हाय त्याच्याशी?"

मी तिन्ही संचांतलं घर बदललं. त्यांच्या उंबऱ्यावर बसून, शेवटच्या अंकापर्यंत अचूक. मला सुटल्यासारखं वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार.

क संचातली खांड वळली. धोंडुबाईंच्या दाराकडे चालली आहे, ३.२०.

ख आणि ग वळले नाहीत. त्यांत घर पुन्हा रामवाडी झालं आहे. ख ४.९०. ग ४.९३.

पहिल्यांदा बरं वाटलं. संचांत फरक पडला, म्हणजे संच बिघडले असणार. दुपारभर तसंच मानलं. मग ख आणि ग यांचे आकडे लावून पाहिले. तीस मीटरचं अंतर, सारखं. एकामागून एक चालणाऱ्यांत असतं तसं.

२४ जानेवारी, शनिवार.

सखाभाऊंना विचारलं, त्या खांडीत किती माणसं आहेत? ते म्हणाले, बांध जुना हाय मॅडम. आजोबांच्या वेळेला पण तिथंच फुटला व्हता. त्याच्या आधी पण.

नावं? कोणी घेतली नाहीत. नाव घ्यायचं नाही, हीच तर रीत. कुणाचे, कोणत्या घरातले, कुणाला ठाऊक नाही.

त्यांना पाठवायला माझ्याकडे दुसरं दार नाही.

२५ जानेवारी, रविवार.

एसटीने नागोठण्याला गेले. ख संच पिशवीत. स्टँडच्या बाकावर बसून पाहिला. घर — त्या बाकाची जागा. बाकी अंतर सकाळी खोलीत होतं तेवढंच, ३.१०. उठून बसस्टँडच्या दुसऱ्या टोकाला गेले. घर माझ्याबरोबर आलं.

परत आले. खोलीला निदान दार आहे.

२६ जानेवारी.

ख २.२०. ग २.२३. उधाण जवळ येतं आहे. पायऱ्यांवर झोपले, झोप आली नाही. शकूताई ध्वजवंदनाहून जिलबी घेऊन आल्या. मी खाल्ली. चव — खारट.

२७ जानेवारी.

क शून्यावर आला. अगदी शून्य. संकेतातल्या चुकीचे ते शंभर मीटर कुठे गेले?

सखाभाऊ दहाला आले. जीप बाहेर ठेवून जिन्याखालीच उभे राहिले. म्हणाले, आईचं दार उघडत नाही. दार म्हणजे — दार राहिलंच नाही. चौकटभर चिखल आणि पेंढा, दाबून, हाताने सारवून गुळगुळीत. वर्षभर वाळलेल्या बांधासारखा कडक. खिडकीही तशीच. गाव कुदळी घेऊन जमला आहे, पण —

पण काय, मी विचारलं.

आतून कोणीतरी चिखल थापतंय, म्हणाले. आणि आई त्याला मायेनं काहीतरी सांगतेय. आईचा आवाज बारीक होत गेला.

ते माझ्याकडे न बघता गेले. ज्या वाटेने आले तिने गेले नाहीत.

मी पाठवला. धोंडुबाईंनी मागितला, पण पाठवला मी.

खांडीतल्यांना दुसरं काही येत नाही. शेवटचं जे पाहिलं तेच येतं. उघडं दिसलं की बुजवायचं.

२८ जानेवारी. अमावास्या.

पूर्ण भरती १२.४८.

११.१० — ख ०.३१. ग ०.३४. शकूताईंना सकाळीच बहिणीकडे पाठवलं. का ते सांगितलं नाही.

११.४० — ०.१२. पळून उपयोग नाही, रविवारी पाहिलं. संच विहिरीत टाकले असते तर? घर संचात नाही आता.

अहवाल पूर्ण केला. शिफारस, ख. झाडीत टिकतो. बांधावरून जीप नेताना कोणत्याही जागेला नाव देऊ नये, परतीची सोय वापरू नये. सही केली.

१२.०५ — ख ०.००. ग अजून तीस मीटर. जिन्यावर ओलं काहीतरी. घाई नाही त्यांना. दाराखालून काड्या येतायत — ओला पेंढा — मग गाळ. थापल्याचा आवाज. एक थाप, मग दुसरी, थोडी मागून.

१२.२० — दार उघडायला गेले. नाही. भिंतच आहे.

१२.३० — खिडकी. खालून वर भरतेय. भर दुपार आणि खोलीत संध्याकाळ. नीट करतात. एक फट ठेवत नाहीत.

१२.४० — उजेड हाताएवढा उरलाय. रस्त्यावर जीपचा हॉर्न. सखाभाऊ — हाक मारली. ऐकू जात नाही. हात बाहेर काढते, त्यांना हात तरी दिस —