सोमवारच्या आधीची बैठक

प्रिय चिमणे,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेजाऱ्यांच्या हाती हे पत्र पाठवतेय. फाडू नकोस, पूर्ण वाच. तुझ्या बाबांच्या घशातली गाठ वाईट निघाली. सोमवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज मात्र कायमचा जाणार. अख्खं मैदान शिट्टीशिवाय पळवणारा हा व्यायामशिक्षक, आणि त्याच्या नशिबी हे! रडून रडून माझे डोळे सुजलेत.

परवा मीही घरी बैठक भरवली, तू अनोळखी लोकांना जमवून भरवतेस तशी. हसू नकोस. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला बोलावलं, खुर्च्या गोल मांडल्या, सगळ्यांचे मोबाइल डब्यात बंद केले आणि तुझा तो प्रश्न विचारला, कोणाला काय सांगायचं राहून गेलंय म्हणून. शेजारी आमच्या न्हाणीघरातून त्यांच्या छतात झिरपणाऱ्या पाण्याच्या विषयावर घसरले. तासभर तेच! ह्यांनी तोंड उघडलं नाही, उठून आत गेले. तुझ्याकडे परकी माणसं मन मोकळं करतात, ते तुला कसं जमतं गं?

तुझ्या बैठकीत हे काय बोलले, ते मी विसरलेले नाही. ती तरुण बाई नवऱ्याच्या मरणाबद्दल सांगून थांबली, तुझ्या नियमाप्रमाणे सगळे शांत बसले, आणि हे गरजले, की ही काय रडायची शिकवणी आहे? बाई निघून गेली. तू सर्वांदेखत ह्यांना दार दाखवलंस. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. पण दोन वर्षं अबोला? आणि त्यात माझाही फोन नको? त्यांचीच लेक शोभतेस, हट्टी मेली!

ऑपरेशन ठरल्यापासून हे जवळजवळ बोलतच नाहीत. चहा हवा असला की कप वाजवतात. मला वाटलं, घसा दुखत असेल. काल मात्र मी चिडले, म्हटलं, आवाज आहे तोवर माझ्याशी तरी दोन शब्द बोला. तर कुजबुजले, की चिमणी आली तर तिच्यापुरता उरायला हवा. आवाज साठवतायत गं! डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, असा काही साठत नाही. मी ह्यांना ते सांगितलेलं नाही. सोमवारच्या आत ये.

वाट पाहणारी, तुझीच,
आई