बॉक्सची मागची बाजू

इंद्रजीत,

लाईट आलीय, मोटार चालू करायला मळ्यात चाललोय. कुरकुंभवरनं आल्यावर आधी जेव, मग त्या स्पीकरच्या बॉक्सकडं बघ. कालवण झाकून ठेवलंय.

किटच्या फळ्या तू बरोबर जोडल्यास. पन मागच्या कोपऱ्यातनं हवा जात हुती, म्हणून आवाज भसभस यायचा. तुझ्या व्हिडिओतल्या सरला ते तिथनं कसं दिसायचं? शितलला गाणं लावायला सांगितलं आन् मी बॉक्सभोवती उदबत्ती फिरवली. धूर जिथं हलला, तिथं भुसा आन् फेव्हिकॉल दाबून भरलाय. चाळीस वरीस पाइपलाइनच्या गळत्या काढतोय, मला कुनी सर म्हनलं न्हाई.

तू त्या व्हिडिओखाली काय लिवलंस, तेबी शितलनंच वाचून दाखवलं. "सर, तुम्ही वडलांसारखं समजावून सांगता." चांगलं हाय. त्यो तुझ्यावर कवा रागावत बी नसंल.

उद्यापर्यंत वाजवू नको, वाळू दे. आन् त्या सरला फोटो धाडशील, तवा मागच्या बाजूचा बी धाड.

आबा