यामिनीच्या शेजारची खुर्ची

आल्मेरे, ९ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई कमलताई यांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? इथला डॉक्टर पॅरासिटामॉलच्या पुढे जात नाही, तेव्हा शेकत जा. सुमितची पाठ? आणि आमची यामिनी? कॉलेजसाठी तिकडे मामाकडे राहायला आली खरी, पण पावसात टोपी न घालता सायकल हाणते. सर्दी झाली असणार.

इकडे तुमची नीलम, आमचा अश्वजित ठीक. मीही ठीकच म्हणायचं. काल नीलमकडून कळलं, की आजी आणि नात मिळून त्या जपानी चित्रकथेवरचा चित्रपट पाहून आल्या. मिठागरातली पोर आणि तिचा डोंगराएवढा बगळा. त्या कथेचे चौदा खंड आहेत, कमलताई. तीन हिवाळे यामिनी इंग्रजीतून वाचून मला मराठीत सांगायची आणि मी पानोपानी पेन्सिलीने लिहून घ्यायचो. एरवी मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देणारी पोरगी. चित्रपट निघाला की आपण दोघांनी जायचं, असं तिने कबूल केलं होतं.

राग नाही. फोनवर आवाज चढला असता म्हणून लिहितो. चित्रपट कसा होता तेवढं कळवा. वाईट असला तर दोनदा कळवा.

लोभ सध्या जरा बेतानेच आहे.
बळवंत

आइंडहोवन, १४ नोव्हेंबर

व्याही बळवंतराव यांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

गुडघा दुखतो. सुमितची पाठ बरी. यामिनीला सर्दी आहे, तुमचंच खरं झालं.

चित्रपट वाईट होता. पुन्हा कळवते, वाईट होता. चार पैशांत उरकलेला. चौदा खंड दीड तासात कोंबलेले, पोरीचा विग सारखा सरकतोय, बगळा कॉम्प्युटरचा, चालताना त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

आता खरं सांगते. यामिनी तुमच्यासाठी थांबणार होती. मीच तिकिटं काढली. इथे आल्यापासून तिचं जेवताना आजोबा, भांडी घासताना आजोबा. वाटलं, एक गोष्ट तरी तिची नि माझी असावी. पण थिएटरात ती दर पाच मिनिटांनी माझ्या कानाशी, आजोबांना हे चालणारच नाही. शेवटी बगळा उडाला तेव्हा सगळे हसत होते आणि ही रडत होती. का गं विचारलं, तर म्हणाली, हे पान वाचताना आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली होती. मी रुमाल दिला. शेजारी बसून मी परकीच.

चुकले. माया पातळ होऊ देऊ नका.
कमल

आल्मेरे, २० नोव्हेंबर

विहीणबाई,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटायला हवं होतं, आधी बरंच वाटलं. मग बोचलं, की ती रडली तेव्हा रुमाल तुमचा होता. चित्रपट पडावा असं मी मनात धरून बसलो होतो. त्यात पोरीचा हिरमोड होईल हे डोक्यातच आलं नाही.

रविवारी नीलम तिकडे येते आहे. तिच्याबरोबर पहिला खंड पाठवतो. मराठी माझ्या अक्षरात आहे. जपानी पुस्तक, तेव्हा वाचायला उजवीकडून सुरुवात करायची, आणि चहाचा कप लांब ठेवायचा.

अडेल तिथे मात्र यामिनीला विचारू नका. ती मांडी घालून सांगत बसेल, आणि ते मला अजून सोसणार नाही. मला विचारा. पहिल्याच पानावर काहीतरी अडेलच. त्याच दिवशी पत्र टाका.

तुमचा व्याही,
बळवंत