तुम्ही निघा ना आधी

तोक्यो, मे २०२०

प्रिय आई,

सफरचंदं पोचली. करोनामुळे माझी सगळी टीम घरूनच काम करते. मी रोज नीट जेवते, काळजी नको.

फक्त संध्याकाळची मीटिंग संपता संपत नाही. वरिष्ठांच्या आधी उठायचं नाही, ही सवय स्क्रीनवरही सुटलेली नाही. सगळे मान लववून थांबतात, मग वरिष्ठ म्हणून मीच आधी बंद करते.

काल माझ्या टीममधल्या कुवाबारांची मान वर आलीच नाही. त्यांची आई इस्पितळात आहे आणि भेटू देत नाहीत. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून मी थांबले. तसेच वाकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही निघा ना आधी. तुम्ही असेपर्यंत मला उठता येत नाही."

ऑफिसात निदान चहा तरी पुढे ठेवला असता. मी बटण दाबलं.

तुझा खोकला थांबला का? खरं सांग. रविवारी फोन करीन. या वेळी तू आधी ठेव.

तुझी चिझुरू